भोंग्याचा भरवसा

जंगलाच्या कडेला कॅमेरे बसले, वाघ दिसताच गावात भोंगा वाजू लागला, तेव्हा देवकाबाईनं आधी नाक मुरडलं. "वाघ का याले विचारून येते?" पण एके दिवशी भोंगा कोकलला अन् बांधावर खरंच वाघ उभा दिसला. तेव्हापासून तिचा नवऱ्यापेक्षा भोंग्यावर जास्त भरवसा.

मोहफुलं वेचायला घोळक्यानं, हाकारे देत जायची जुनी रीत मग तिनंच मोडली. आज तांबडं फुटताच सुनेला एकटीलाच पिटाळलं. "भोंगा गप हाय ना, रोशनी? मंग काऊन भेतेस? दुसऱ्या बाया पोचायच्या आधी टोपली भर."

ऊन वर आलं तरी रोशनी परतली नव्हती. "फुलं लय पडली असन," असं स्वतःशीच म्हणत बाईनं कॅमेरे तपासायला आलेल्या मिस्त्रीपुढं चहा ठेवला. "भोंगा झकास हाय भाऊ तुमचा. होळीपासून एकदाही वाजला नाई. वाघानं गावच सोडलं!"

मिस्त्री चहा तसाच ठेवून उठला.

 

"वाजन कसा, बाई? वांदरांनी वायर कधीचीच तोडली हाय. जंगलात कोणी गेलं तर नाई ना?"