दोन दशांश मंद

"काका, बाई गेल्या त्याआधीच्या आठ महिन्यांच्या नोंदी गाळाव्या लागतील," त्याच्या बायकोची विद्यार्थिनी वही त्याच्यापुढे ठेवत म्हणाली. "प्रत्येक वेळी तारा इतर निरीक्षकांपेक्षा मंद, म्हणजे आकडा मोठा लिहिलाय."

"मग चूक माझी. तिला जिना चढवत नव्हता. गच्चीवर दुर्बिणीतून मी बघायचो, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून आकडा ओरडून सांगायचो, ती खाली लिहायची. 'बरोबर ना?' विचारलं की म्हणायची, 'अगदी!'"

तो वही मिटणार, तोच मागच्या पुठ्ठ्याच्या आत तिचं बारीक अक्षर दिसलं: 'यांना तारा कायम दोन दशांश मंद दिसतो. तेवढे वजा करावेत. यांना सांगू नये, आकडे बदलतील.'

"सुटले, काका! सगळ्या नोंदी चालतील."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"लबाड," तो म्हणाला. "आठ महिने नुसतं 'अगदी, अगदी' करत होती."