गोंदियाचं पार्सल

डिंपलने कढईत पिठाची चिमूट टाकली. ती तडतडत वर आली, तसा तिने चिकनचा पहिला तुकडा अलगद तेलात सोडला.

"एवढं तेल!" तिच्या सासूबाई, निर्मलाबाई म्हणाल्या.

"बुडलंच पाहिजे, आई. हॉटेलात असंच करतात."

आतल्या स्वयंपाकघरात मांसमच्छी शिजत नसे, म्हणून शेगडी बाहेरच्या छपरीत मांडली होती. शेजारी ताकात मुरलेलं चिकन, परातीत मैदा आणि कॉर्नफ्लोअर, पितळी गंजात बर्फाचं पाणी. डिंपलने मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं होतं. तुकडा पिठात दाबायचा, पाण्यात बुडवायचा, पुन्हा पिठात दाबायचा. तेव्हाच वर खरखरीत पापुद्रे धरतात.

चार वाजता तिचा भाऊ उमेंद्र तिला न्यायला येणार होता. परवा नागऱ्याच्या देवळात तिचं लग्न होतं, अर्जुनी मोरगावच्या गजेंद्रशी. ते स्थळ तिच्या सासऱ्यांनी, मुन्नालालनीच शोधलं होतं. त्यांचा मुलगा, डिंपलचा नवरा ओमेश, अपघातात गेला त्याला दोन वर्षं झाली होती. भावकीत कुरबुर सुरू झाली तेव्हा मुन्नालालनी सरळ सुनावलं होतं, "सत्तावीस वर्षांची पोरगी आमच्या म्हातारपणाले काऊन बांधून ठेवाची?"

जाण्याआधी काय करून घालू, असं डिंपलने सासूला विचारलं होतं. निर्मलाबाई म्हणाल्या, "तो गोंदियाहून आणे, ते कर."

ओमेश गोंदियात मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. महिन्यातून एकदा तो डिंपलला बसने बोलावून घेई. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर बसून दोघं कुरकुरीत चिकन खात आणि घरच्यांसाठी पार्सल घेऊन मोटरसायकलने परत येत. पार्सल सासूच्या हातात देऊन डिंपल वाळलेली लुगडी-कपडे उचलायला निघून जाई. तिचं पोट भरलेलं असे.

तुकडे लालसर झाले. डिंपलने एक मोडून पाहिला. कर्रकन आवाज झाला. अगदी तसाच. ओमेश पहिला तुकडा असाच मोडून तिच्या ताटलीत ठेवायचा, आणि दुसरा घाईने तोंडात टाकून जीभ पोळली की स्वतःच हसायचा. ती कढईकडे तोंड करून उभी राहिली. तेलाची वाफ डोळ्यांत जाऊ दिली.

मग तिने दोन ताटल्या भरल्या आणि सासूसासऱ्यांपुढे ठेवल्या. दोघांनी घास घेतला. दोघंही हळूहळू चावत राहिले.

"कसं झालं?"

"चांगलं झालं," मुन्नालाल म्हणाले. मान वर केली नाही.

निर्मलाबाईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. "चांगलं आहे व, पोरी. पण त्याचं असं नव्हतं. त्याचं नरम राहे. वरचं पीठ बोटाले चिकटे. हे लय कडक झालं."

डिंपल पाहतच राहिली. हँडलला लटकवलेली पिशवी, गच्च बंद केलेला खोका, आत कोंडलेली वाफ आणि गोंदियापासून घरापर्यंतचा रस्ता. त्या दोघांनी ते गरम, कुरकुरीत असं एकदाही खाल्लं नव्हतं.

"म्या त्याले विचारलं होतं," निर्मलाबाई सांगू लागल्या, "हॉटेलात असंच भेटते का रे? त हसला. म्हने, एक दिवस तुले अन् बाबूजीले तिथंच घेऊन जातो."

आई, तो तुम्हाला हेच खाऊ घालणार होता. वाक्य डिंपलच्या ओठांपर्यंत आलं. ते तिने गिळलं.

"हो आई," ती म्हणाली. "माझंच चुकलं. थांबा."

तिने राहिलेले तुकडे तळले आणि गरम गरमच स्टीलच्या डब्यात भरले. झाकण दाबून लावलं. वरून टॉवेल गुंडाळला. तिघंही डब्याभोवती बसून राहिले.

दारात मोटरसायकल थांबली. उमेंद्र आत आला. "ताई, आवरलं का? निघू."

"बस जरा. अर्धा तास."

"अर्धा तास कायले?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. त्याने मोबाइल काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

डिंपलने झाकण उघडलं. त्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळले. कुरकुरीत पापुद्रे लोळागोळा होऊन एकमेकांना चिकटले होते. निर्मलाबाईंनी एक तुकडा उचलला, डोळे मिटून खाल्ला.

"हं. आता आलं."

मुन्नालालनी दोन तुकडे खाल्ले. तिसरा हातात धरून ते उठले आणि अंगणाकडे पाठ करून कितीतरी वेळ भिंतीशी उभे राहिले.

निर्मलाबाईंनी एक घास तोडून डिंपलच्या तोंडाशी धरला. कोमट, तेलकट, ओलसर पीठ. त्याला बंद डब्याचा वास होता. तिने हे असं कधीच खाल्लं नव्हतं. तिने तो घास खाल्ला आणि आणखी मागितला.

निघताना निर्मलाबाई म्हणाल्या, "तिथं तिकडच्यासारखं करजो. इथलं काही मनात ठेवू नको." तेलाचा हात लुगड्याला लागू नये म्हणून तो त्यांनी बाजूला धरला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी डिंपलच्या गालावरून बोटं फिरवली.

मुन्नालालनी तिची सुटकेस गाडीच्या कॅरियरवर ठेवली आणि दोरीने आवळली.

"पक्की बसली, बाबूजी," उमेंद्र म्हणाला. त्याने गाडी सुरू केली.

"रस्ता खराब आहे," मुन्नालाल म्हणाले. "हलंन."

त्यांनी गाठ सोडली आणि दोरी पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला घेतली.