जुनं गिऱ्हाईक

वस्तरा सपासप फिरला आणि कुशाबाची मिशी गेली.

डोळ्यांवर गरम टॉवेल होता, म्हणून आधी कळलंच नाही. ओठाला गार वारा लागला तसा त्यानं टॉवेल भिरकावला, आरशात पाहिलं, आणि त्याचं डोकंच फिरलं. अहो, भुकूम गावात मिशी म्हणजे काय चेष्टा आहे? मिशी काढायची ती बाप गेल्यावर. आणि कुशाबाचा बाप गेणबा तर घरी ओट्यावर तंबाखू मळत बसलेला, चांगला धडधाकट.

"बाप जित्ता हाय माझा, भडव्या!"

पहिला ठोसा विश्राम न्हाव्याच्या तोंडावर बसला. तो बेसिनवर आपटला. ओठ फुटला, बेसिन लाल झालं. दुसरा ठोसा बरगडीत गेला.

"मिसरूड फुटल्यापासून तुझ्याकडं येतोय. त्या सोसायटीखालच्या पार्लरात जुन्या गिऱ्हाइकाला कार्ड देत्यात, वाढदिवसाला फुकट दाढी करत्यात. तू काय दिलंस रं मला? ह्ये?"

त्यानं विश्रामची गचांडी धरली आणि डोकं भिंतीवर आदळलं. विश्राम हातसुद्धा वर करेना. मार खात नुसता आरशाकडं बघत राहिला. त्यानं तर कुशाबा आणखीच पेटला.

तेवढ्यात दारावर लाथ बसली. तीन पोरं आत घुसली. शर्टाखालून कोयते निघाले.

कुशाबाची मूठ हवेतच राहिली. रिहे गावातली जमीन बिल्डरला विकणार नाही म्हटल्यापासून 'तोडू' असे निरोप येत होते. मर्दासारखं हसण्यावारी नेलं होतं त्यानं.

"कुशाबा कुटं हाय?" म्होरक्यानं मोबाईल पुढं धरला. फोटोत ती पिळदार मिशी होती.

"पौडला गेलाय," विश्राम म्हणाला.

कोयता खाली आला. विश्रामच्या वस्तऱ्याच्या हाताची दोन बोटं बेसिनात पडली. तो गुरासारखा ओरडला आणि गुडघ्यांवर कोसळला.

"खरं बोल!"

"पौडलाच... आईची शपथ!"

म्होरक्या कुशाबाकडं वळला. गालावर साबण, गळ्यात कापड. "ह्यो कोण? तुला का मारत हुता?"

"जुनं गिऱ्हाईक हाय," विश्राम कण्हत म्हणाला. "वस्तरा लागला. हक्कानं मारतंय."

म्होरक्यानं कोयत्याच्या टोकानं कुशाबाची हनुवटी उचलली. ओठावरचा नुकताच उघडा पडलेला पांढुरका पट्टा निरखला.

"मिशी आत्ताच काढलीय व्हय? बाप गेला काय, काका?"

ज्या अभद्रापायी कुशाबानं माणूस अर्धमेला केला, तेच आता स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "बाप गेला."

"चल रं, ह्यो न्हाई," मागचा पोरगा बोलला. "कुशाबाचा म्हातारा आत्ताच वट्यावर बघितला की आपण."

जाता जाता त्यांनी आरसा फोडला.

गाडी गेल्याचा आवाज आला तसा कुशाबा खाली बसला. गळ्यातलं कापड ओढून त्यानं विश्रामच्या हाताला घट्ट गुंडाळलं.

"तुला ठावं हुतं?"

"समोरच्या टपरीवर मोबाईल दाखवून माज्या दुकानाकडं बोट करत हुती, शर्टाखाली कोयतं. आरशात दिसली."

"मग सांगायचं न्हाईस, येड्या?"

"सांगितलं असतं तर तुमी कोयत्याला भिडला असता, तात्या." विश्रामचे दात रक्तानं माखले होते. तरी तो हसायला बघत होता. "कार्ड न्हाई ना माज्याकडं."

कुशाबानं त्याला पोटाशी धरलं आणि तसाच दवाखान्यात नेला.

दिवस कलला तेव्हा तो घरी आला. ओट्यावर गेणबा तंबाखू मळत होता. पोराचं तोंड दिसलं आणि त्याचा अंगठा तळहातावर थांबला.

"कुशा, आरं कोण मेलं रं?"

कुशाबानं बापाच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडला.

"कुणीच न्हाई, आबा. कुणीच न्हाई मेलं."