दोन्ही बाजूंचं पाणी

मोहनच्या चहाची कपबशी यमुनाबाईंनी दोन बोटांनी परत सरकवली. काळीने पुढे केलेला पाण्याचा तांब्याही घेतला नाही.

"निकाल होईपर्यंत कुणाचंच नको," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून डहाणूहून आणलेली बाटली काढली. तिच्यात घोटभर उरलं होतं, तेही कोमट. दोन्ही बाजू सारख्याच रुसल्या.

झरी गावातल्या चिकूवाडीच्या फाटकाबाहेर, आंब्याखाली, तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर वाडीचा मालक मोहन. एकीवर लवाद म्हणून यमुनाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. तिसरी पाड्यावरच्या काळीसाठी होती. पण काळी काही खुर्चीत बसली नाही. खाली बायकांच्या घोळक्यात, रिकाम्या हंड्याला टेकून बसली.

फाटकाला नवंकोरं कुलूप होतं. फाटकापलीकडून, चिकूंच्या झाडांमधून एक वाट खाली ओहोळाकाठच्या विहिरीकडे उतरत होती. भांडण त्या वाटेचंच. पाड्याचं म्हणणं, वाट सासू-आजेसासूच्या वेळची. मोहनचं म्हणणं, वाट कधी नव्हतीच. पाड्यावरचा नळ आटला तशा बायका घुसायला लागल्या. आता त्या टेकडीला वळसा घालून पाणी आणत होत्या. कोर्टाची पायरी कुणालाच नको होती, म्हणून दोघांनीही कबूल केलं होतं : यमुनाबाई सांगतील ते मान्य.

"सुरुवात करण्याआधी एक," यमुनाबाई म्हणाल्या. "माझे इथे कुणाशी लागेबांधे असतील तर ते आधी सांगणं माझं काम आहे. मोहन माझा विद्यार्थी. पाढे येत नव्हते म्हणून याने माझी छडी खाल्लेली आहे."

बायका हसल्या. मोहनही हसला. "बाई, त्याचा राग असता तर तुम्हाला बोलावलं असतं का? चला पुढे."

"काळे, तुझी काही हरकत?"

"तू मारलंस तं कमीच मारलंस," काळी म्हणाली. "माझी नाय हरकत. तू निकाल सांग."

निकाल यमुनाबाईंच्या मनात केव्हाचा तयार होता. तोंड उघडायचा अवकाश, की कुलूप निघालं असतं आणि काळीच्या गुडघ्यांची टेकडी सुटली असती. अडचण एवढीच, की तो निकाल इथे येण्याआधीच तयार होता.

"अजून एक आहे," त्या म्हणाल्या.

काळीने मान वर केली. काय येतंय ते तिला कळलं. "बाय, गप ऱ्हा," ती हळूच म्हणाली. "जुनं झालं ता."

"मी इथल्या शाळेत नवीन होते," यमुनाबाई थांबल्या नाहीत. "मोहन, तू अजून शाळेत यायचा होतास. माझा शैलेश झाला आणि मला ताप भरला. अंगावरचं दूध गेलं. काळीच्या मांडीवर तेव्हा तिची रविना होती. एका बाजूला रविना, एका बाजूला शैलेश. माझा मुलगा हिच्या दुधावर वाचलाय. मी या खुर्चीत कितीही ताठ बसले तरी हिच्याकडे कलणारच. चालणार असेन तर सांग."

पाड्यावरच्या सुनांनाही हे ठाऊक नव्हतं. मोहनने परत आलेली कपबशी बाजूला ठेवली.

"तुम्ही बोललात ते बरं केलंत बाई," तो अखेर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण निकाल माझ्या विरुद्ध गेला, तर मला जन्मभर वाटत राहील. दुसरं कुणी तरी बघू."

"बरोबर आहे तुझं." यमुनाबाई खुर्चीतून उठल्या.

काळीही उठली. "कोण इचारत होता गो तुला?" तिचा आवाज चढला. "एक शबुद बोलायचा होता, तर ही पुराण सांगत बसली! आता दुसरा कवा येल? येल का नाय? तवर हंडे काय तुझा शैलेश वाहंल?"

यमुनाबाईंनी पिशवी उचलली. सगळ्यांना वाटलं, आता या परतीची रिक्षा गाठणार. पण त्या खुर्चीला वळसा घालून बायकांकडे आल्या, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली टेकल्या, काळीच्या हंड्याशेजारी, मातीत.

"नवा लवाद आण मोहन. तुझ्या पसंतीचा आण. पण लवकर. मला त्याच्यापुढे बोलायचंय."

"तुम्हाला? आता तुम्ही काय बोलणार?"

"बाळाला घेऊन मी रोज काळीकडे कुठून यायचे, हे तू विचारलंच नाहीस." यमुनाबाईंनी कुलपाकडे बोट केलं. "शाळा तेव्हा ओहोळापलीकडे होती. तिथून विहिरीवर, आणि विहिरीवरून तुझ्या चिकूंमधून वर. तुझे वडील झाडांना आळी करता करता हाक मारून सांगायचे, 'बाई, बाळाला सांभाळा, तिथला दगड हलतो.' लवादाच्या खुर्चीत बसून मला ही साक्ष देता येत नव्हती."

मोहनने फाटकापलीकडे पाहिलं. वाटेच्या उतारावर, जिथे चिकूची सावली संपत होती, तिथे तो दगड होता.

"अजून हलतो," काळी म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. ती पुन्हा खाली बसली.

यमुनाबाईंनी हात पुढे केला. "आता दे पाणी."

काळीचा राग गेला नव्हता. तिने तांब्या पुढ्यात आदळला. थोडं पाणी यमुनाबाईंच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या तळ दिसेपर्यंत प्यायल्या.