लाल ठिपका

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फाइल उघडली आणि तशीच बंद केली. पण घरच्या घरी काही जुगाड करणारे मला हमखास विचारतात, बिघाड झाला तर सुरुवात कुठून करायची? तर आधी वायर बघा, मग कोड. मला हे पाठ होतं. तरी मी उलटं केलं, म्हणून सांगतो.

माझ्या मित्राचे वडील एकटे राहतात. मी त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेला माणूस. मित्र नोकरीसाठी लांब गेला आणि एक दिवस म्हणाला, "बाबा फोनच उचलत नाहीत रे. सकाळी धड उठलेत एवढं तरी मला कळेल असं काहीतरी बनव."

मी बनवलं. किटलीखाली चपटं बटण, बटणाला वायर, वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी. काकांनी चहाला किटली उचलली की मला आणि मित्राला दिसणाऱ्या वेबपेजवर हिरवा ठिपका. नेहमीच्या वेळेत नाही उचलली तर लाल.

मी ज्या कंपनीत वेबसाइट बनवायचो ती नुकतीच बुडाली होती. मी खोलीत पडून असायचो. पडदे ओढलेले, डबा दारात यायचा. बाहेर काय सोनं ठेवलंय? त्या दिवसांत हे एकच काम मी मन लावून केलं.

आठवडाभर हिरवा. मग लाल.

लगेच मित्राचा फोन. "अरे, बघून ये ना. मला काही सुचत नाहीये."

मी चपला घातल्या आणि पळत सुटलो. काका दारातच उभे.

"ये, इंजिनिअर. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, म्हटलं तूच."

"काका, बरे आहात ना? फोन का नाही उचलला?"

"वाजला? ऐकू नाही आला बुवा."

ओट्यावर दोन कप मांडलेले. किटली गरम. मग ठिपका लाल कसा? मला वाटलं, कोडमध्येच घोळ. चहा पिता पिता लॅपटॉप उघडून बसलो. काका समोर बसून त्यांच्या जुन्या कारखान्यातले किस्से सांगत राहिले. निघताना सहज डबी उचलली तर वायर सुटलेली. लावली, घरी आलो.

काही दिवस हिरवा. पुन्हा लाल.

माझं डोकं चालेना. बटण दाबलं की ते क्षणभर थरथरतं आणि एका दाबाचे चार मोजले जातात, म्हणून जरा थांबून मोजायचं असतं. ते केलं. वाय-फायचा डबा बदलला. अख्खा कोड नव्याने लिहिला. उंदराचा संशय घेऊन ओट्यामागे बॅटरी मारली. काका म्हणाले, "माझ्या घरात उंदीर? त्याला खायला घालायला बायको तरी हवी ना घरात!" आणि स्वतःच हसले.

विचित्र म्हणजे वायर कधी तुटलेली नसायची. नीट, अलगद सुटलेली असायची.

मित्राला सांगितलं की तो म्हणायचा, "बरं. बाहेर ऊन होतं का? जेवलास का?"

"तुझ्या बाबांचं विचार की, लेका!"

"हां, ते कसे आहेत?"

एकदा मात्र तो गंभीर झाला. "हे यंत्र असंच रुसणार असेल तर बाबांना मी इकडे घेऊन येतो. चौदाव्या मजल्यावर. माझ्या जिवाला घोर नको."

काकांचं गॅलरीतलं छोटं वर्कशॉप, त्यांची कानस, त्यांच्या पान्यांची रांग, हे सगळं तिथे कुठे मावणार? तो माणूस महिन्यात सुकून गेला असता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मी कोणाच्याच घरी जात नव्हतो.

पुढच्या लालला मी सगळं सामान घेऊनच गेलो. वायरीला सोल्डरचा पक्का डाग दिला. डबी ओट्यामागे स्क्रूने आवळली. वरून गरम गोंद ओतला. काका बाजूला उभे राहून बघत होते.

"एवढं घट्ट कशाला रे?"

"आता हे काही बिघडत नाही, काका. हत्तीने ओढलं तरी सुटणार नाही."

"अस्सं." त्यांनी किटली जागेवर ठेवली. "चहा तरी घेशील?"

"नको, काम झालं ना. आता यायची गरजच नाही. तुम्हीही सुटलात."

मी जिन्यात येऊन मित्राला फोन लावला. विजेत्याच्या थाटात सगळं सांगितलं. सोल्डर, स्क्रू, गोंद.



"हॅलो? ऐकतोयस ना? आता बाबांना न्यायचं नाव काढू नकोस."

"गाढवा," तो म्हणाला, "सगळं वाटोळं केलंस."

"म्हणजे?"

"बाबांना काय धाड भरलीय? रोज सकाळी अर्धा तास डोकं खातात माझं फोनवर. तू खोलीतून बाहेर पडेनास, आमचे फोन घेईनास. बोलावलं तर नाही म्हणाला असतास. बाबा म्हणाले, त्याला दुरुस्तीला बोलवू, दुरुस्तीला तो येईल. मग तुझा काही पत्ता लागेनासा झाला की ते वायर सोडायचे."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. तो "हॅलो, हॅलो" करत होता.

शेवटी मी त्याला शब्द दिला, उद्या सकाळी येऊन तो गोंद खरवडून काढतो.