बारा नंबरचं बटण

पाणबुडीत पाणी शिरलं तेव्हा बॉयलरवाले इंजिनच्या खोलीत होते. त्यांनी तीन नंबरचं बटण दाबलं.

"पंप चालू करतोय," त्यांचा आवाज पलीकडे गेला.

"पंप चालू," कप्तानाने उत्तर दिलं आणि मधेच बारीक खोकला.

कप्तान म्हणजे त्यांचा पोरगा. परदेशात एका बंदरावर क्रेन चालवायचा आणि दर रविवारी दुपारी चारला बापाबरोबर हा खेळ खेळायचा. परका ग्रह, वर बर्फाचं छत, खाली काळाकुट्ट समुद्र, आणि पाणबुडीचा पत्रा कुरतडणारी अवाढव्य जनावरं. पोरगा सुकाणूवर, बाप इंजिनवर. दोघांनी मिळून जगायचं, नाहीतर दोघांनी मिळून बुडायचं.

बोलताना बॉयलरवाल्यांचे ओठ हलले नव्हते. हलून उपयोगही नव्हता. पाच महिन्यांपूर्वी कर्करोगापायी त्यांचा घसा कापून स्वरयंत्रच काढून टाकलं होतं. त्याआधी लेकीने त्यांना स्वयंपाकघरात बसवून, पंखा बंद करून, त्यांची वाक्यं रेकॉर्ड केली आणि एकेका बटणाला लावून दिली. पंप चालू करतोय. दार बंद कर. प्राणवायू कमी आहे. मी ठीक आहे. अशी अकरा.

अकरा पुरायची, कारण पाणबुडीत गप्पांना बंदी होती. तो बॉयलरवाल्यांचाच कायदा. कारखान्यात बॉयलरच्या गोंगाटात तीस वर्षं त्यांनी हेच केलं. एकाने ठरलेलं वाक्य बोलायचं, दुसऱ्याने ते परत म्हणायचं, की समजायचं निरोप पोचला. भट्टीपाशी गप्पा मारणारा भाजतो, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचे. पोरानेही तेवढंच उचललं होतं. हल्ली तर जास्तीचा एक शब्द बोलेल तर शपथ.

आवाज गेल्याचं पोराला कळू द्यायचं नव्हतं. पन्नास हात उंच क्रेनवर बसणाऱ्याचं चित्त ठिकाणावर लागतं. बापाच्या काळजीत एक पाय चुकला, की संपलंच! नशिबाने पोराचा फोनही येत नव्हता. बंदरावर म्हणे फोनला बंदी आली होती आणि राहायच्या जागी रेंज नव्हती, रविवारी तिथल्या क्लबातल्या कॉम्प्युटरवर खेळता येई तेवढंच. लेकीनेच सांगितलं होतं. बॉयलरवाल्यांच्या ते पथ्यावर पडलं.

शेजारीपाजारीही त्यांना पाहून गप्प व्हायचे. आपला आवाज गेला म्हणून अख्ख्या गल्लीने मौन धरावं, याचं त्यांना हसूच यायचं.

पण बारावं एक बटण होतं. अकरा वाक्यं झाल्यावर बॉयलरवाले म्हणाले होते, "थांब, अजून एक घे." आणि घसा खाकरून बोलले होते, "बाळा, आता घरी ये."

लेक पाणी प्यायला म्हणून उठून गेली होती.

"हे कधी दाबायचं ते माझं मी ठरवीन," ते तिच्या पाठीकडे बघत म्हणाले होते.

परवा डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले. घरी आल्यावर बॉयलरवाल्यांनी पाटीवर लिहिलं, 'त्याला बोलावू?'

"कंत्राट संपू दे ना बाबा. आठ महिनेच राहिलेत."

'तुझं गणित पहिल्यापासून कच्चं.'

ती हसली नाही. डोळे लाल झाले होते तिचे. "बाबा, पाया पडते. ते बटण नका दाबू."

भावाच्या नोकरीची केवढी काळजी पोरीला, असं त्यांना वाटलं. आजही बिचारी जेवण उरकून, ऑफिसचं काम म्हणत खोलीचं दार लावून बसली होती. दर रविवारचं झालं होतं ते. मेल्या साहेबाला सुट्टी म्हणून कळत नव्हती.

धाडकन आवाज झाला. जनावराने इंजिनची खोली फाडली. पडद्यावर पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. बॉयलरवाल्यांनी बटण दाबलं.

"दार बंद कर."

"दार बंद करतोय," कप्तान म्हणाला. तसाच मधे खोकला. पंप म्हणताना खोकला, दार म्हणताना खोकला. बंदरावरची धूळ, दुसरं काय! बॉयलरवाल्यांना आपला घसा आठवला. दाखवायला हवं होतं पोराला. जवळ असता तर कान धरून नेला असता.

पाणी गळ्यापर्यंत आलं. दोन महिने. पोराला एकदा डोळे भरून बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. खड्ड्यात गेलं कंत्राट.

त्यांनी बारा नंबरचं बटण दाबलं.

"बाळा, आता घरी ये."

कप्तान काही बोलला नाही. बॉयलरवाले कान देऊन बसले. निरोप पोचला असेल तर पोरगा तेच परत म्हणणार होता, 'घरी येतो'. नियमच होता तसा. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पाणबुडी अंधारात खाली खाली जात राहिली आणि सुकाणूला कोणी हात लावला नाही.

भिंतीपलीकडे, लावलेल्या दारामागे, लेक तीच पाणबुडी समोरच्या पडद्यावर घेऊन, कानांवर हेडफोन घालून तोंडावर हात दाबून बसली होती. क्रेन कोसळून दादा गेला त्याआधीच्या जुन्या खेळांच्या रेकॉर्डिंगमधून तिने त्याची वाक्यं एकेक करून वेचून काढली होती, आणि त्यांत 'येतो' कुठेच नव्हतं.