उंबऱ्याबाहेरचं सूप

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून उमाबाई बाहेरच्या खोलीत पडून होत्या. दोन महिने झाले तरी हाड जुळत नव्हतं. शेवटी नजर चुकवत त्यांनीच सुनेला सांगितलं, "तुझ्या आईला विचार, बोकडाच्या पायांचं सूप करून देतील का."

सून बाळंत झाली तेव्हा विहीणबाई न सांगता तेच सूप घेऊन आल्या होत्या. "आमच्या घरात देव आहेत," म्हणत उमाबाईंनी भरला डबा उंबऱ्यावरूनच परत पाठवला होता.

आज तोच पितळी डबा दारात आला. मिरीचा वास आत शिरला, विहीणबाई मात्र बाहेरच थांबल्या.

"आत या ना," उमाबाई कशाबशा म्हणाल्या.

"येते की," विहीणबाई अगदी साधेपणाने म्हणाल्या. "तेवढा देव्हाऱ्याचा पडदा ओढून घ्यायला सांगा."